खंगाळलेली बाटली

पाशामियाँना कुणी चहा द्यायला निघालं की ते आधी रिकामा कप मागून घेतात आणि खंगाळतात. हॉटेलात तर खंगाळतातच, पण कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी कप घेऊन सरळ मोरीकडे चालू लागतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला राग येतो. आमच्या गावाला आता येत नाही. त्यांची बायको रजियाबी, तिनं लग्नानंतर महिन्याभरातच माहेरी निरोप धाडला होता म्हणे, की माणूस लाखात एक आहे, फक्त धुतलेलं परत धुतो.

सोनझरीत पाणी सोडायचं काम ते सत्तावीस वर्षं करत आलेत. आमचं गाव वाशी तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी. वर टेकाडावर मळे आणि गोठे, खाली ओढा, ओढ्याच्या काठाला पाणीपुरवठ्याची विहीर आणि तिच्या पुढं उताराला गाव. गावात पाणी सोडायचे सतरा व्हॉल आहेत. कुठला व्हॉल किती फेरे फिरवला की कुठल्या गल्लीला किती घागरी पाणी जातं, हे फक्त पाशामियाँच्या मनगटाला ठाऊक. सरकारनं मधेच कधीतरी त्यांना ‘जलसुरक्षक’ असं भारदस्त नाव दिलं, गळ्यात अडकवायला ओळखपत्र दिलं, खांद्याला पिशवी दिली. गावानं त्यातलं काहीही मनावर घेतलं नाही. गावाला ते पाणीवाले पाशाभाईच.

एवढा सुखी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा रागच यायचा. सकाळी टाकीत पावडर टाकायची, व्हॉल उघडायचे, दुपारी दोन म्हशी ओढ्याच्या वरच्या अंगाला चारायच्या, संध्याकाळी पाराजवळ बसून सगळ्यांच्या पोराबाळांची चौकशी करायची. कुणाशी वाकडं नाही. मी भीमाशंकर, इथल्या दूध संकलन केंद्राचा सेक्रेटरी. माझं निम्मं आयुष्य लोकांवर संशय घेण्यात गेलं. दूध पुढं आलं की आधी वाटतं, यात पाणी आहे. माणूस पुढं आला तरी तेच वाटतं. पाशामियाँच्या दुधात मात्र एकतीस वर्षांत एकदाही पाणी निघालं नाही. पाणी त्यांच्या हातात असून निघालं नाही, हे लक्षात घ्या.

आता गोठ्यांचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. बारा-तेरा वर्षांपूर्वीपर्यंत गावात जनावरं होती ती घराघराला दोन, तीन. मग टेकाडावर संकरित गायी आल्या. दूध वाढलं, केंद्राच्या दारात गाड्या लागायला लागल्या, माझा रुबाब वाढला. सगळ्यात मोठा गोठा शिवलिंगप्पाचा, बेचाळीस गायींचा. माणूस कष्टाळू, तोंडानं फटकळ. गोठा दिवसातून दोनदा पाइप लावून धुणार, एवढा स्वच्छ की तिथं बसून जेवावं. पण धुतलेलं ते शेणमुताचं पाणी चरीतून उतरायचं ते थेट ओढ्यात. आणि ओढ्यापासून विहीर साठ पावलांवर. बाकीच्या गोठ्यांचंही तसंच. उकिरडेही ओढ्याच्या काठालाच, कारण जागा तिथं मोकळी.

दोन पावसाळ्यांमागं खालच्या गल्लीत जुलाबाची साथ आली. सात लेकरांना वाशीला सलाइन लावावं लागलं. सगळी बरी होऊन घरी आली, पण आमच्या सरपंच मथुराबाईंच्या डोक्यात ते बसलं. मथुराबाई, जागा बायकांसाठी राखीव निघाली म्हणून निवडून आल्या, आणि नवऱ्याला खुर्चीच्या आसपास फिरकू दिलं नाही म्हणून टिकल्या. त्यांनी ठराव मांडला: ज्याच्याकडं दहापेक्षा जास्त जनावरं आहेत त्यानं गोठ्याच्या पाण्यासाठी शोषखड्डा घ्यायचा, ओढ्यात थेंब सोडायचा नाही, उकिरडा ओढ्यापासून शंभर पावलं लांब न्यायचा. जो ऐकणार नाही त्याचा नळ बंद.

झालं! गाव उभं चिरलं गेलं. एक बाजू शेणवाले, दुसरी पाणीवाले. ही नावं कुणी पाडली माहीत नाही, पण आठ दिवसांत लहान पोरंसुद्धा शाळेत एकमेकांना त्याच नावानं चिडवायला लागली. वर्षभरावर पंचायतीची निवडणूक, त्यामुळं दोन्ही पॅनलना आयतंच मिळालं. शिवलिंगप्पा पारावर उभा राहून विचारायचा, “गायीला काय सांगू मी? मुतू नको म्हणून? आज माझ्या बेचाळीस गायीवर नियम यायलाय, उद्या तुमच्या दोन म्हशीवर येईल, मग बसा!” लोकांना ते पटायचं. मलाही पटायचं. माझं केंद्र म्हणजे शेणवाल्यांचं ठाणंच होतं, आणि मी त्याचा ठाणेदार. दोन ग्रामसभा त्या भांडणात गोंधळ होऊन मोडल्या.

शिवलिंगप्पाच्या हातात हुकमाचा एक्का होता तो हिरव्या कार्डांचा. दरवर्षी आरोग्य खात्याची माणसं विहीर, टाकी, नळ बघून जातात, पाण्याचे नमुने तपासायला जातात आणि त्यावरून गावाला कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका, पिवळं म्हणजे जपून, हिरवं म्हणजे निर्धास्त. सोनझरीला सलग अकरा वर्षं हिरवं. शिवलिंगप्पानं ग्रामपंचायतीतून सगळ्या कार्डांच्या रंगीत झेरॉक्स काढल्या, त्यांना प्लॅस्टिक चढवलं आणि गोठ्याच्या दारावर टांगल्या. कुणी पाण्याचा विषय काढला की तो फक्त बोट करायचा.

आता नमुन्याचं. अकरा वर्षांपूर्वी आरोग्य केंद्रातून पहिल्यांदा ती काचेची बाटली आली, बुचाला कागद बांधलेली. पाशामियाँ ती दोन्ही हातांत धरून माझ्याकडं आले. केंद्रात मी सबंध दिवस नमुनेच घेत असतो, तेव्हा या कामातला जाणकार मीच.

“सेक्रेटरी, नमुना घ्यायचा कसा? रीत सांगा की.”

माझी छाती फुगली. म्हटलं, “एकच रीत. बाटली कितीही स्वच्छ दिसू द्या, भरवसा ठेवायचा न्हाय. ज्याचा नमुना घ्यायचा, त्यानंच बाटली तीनदा खंगाळायची. दुधाचा असंल तर दुधानं, पाण्याचा असंल तर पाण्यानं. मग भरायची.”

त्यांनी बाटलीचं बूच काढून आत डोळा लावला. “तळाला पांढरं काय दिसायलंय हो?”

मीही बघितलं. चिमूटभर पांढरी पूड. “साबण राहिलाय,” मी म्हणालो. “सरकारी काम! धुऊन टाका.”

त्यांना ते मनापासून पटलं. धुवायचं काम त्यांना पटणार नाही तर कुणाला? तेव्हापासून दर खेपेला ते बाटली नळाच्या पाण्यानं तीनदा खंगाळायचे, उन्हाकडं धरून बघायचे, आणि भरून सकाळच्या एसटीनं कळंबच्या प्रयोगशाळेला पाठवायचे. नमुना पास व्हायचा. गावाला हिरवं कार्ड यायचं. ते मला येऊन सांगायचे, आणि मी अशी मान हलवायचो, जसा काही निम्मा नंबर माझाच.

गेल्या जूनमध्ये आमच्या उपकेंद्रात हर्षाली नावाची नवी आरोग्यसेविका आली. कळंबची पोर, स्कूटीवर यायची, कंत्राटी नोकरी. पहिल्याच महिन्यात ती नमुन्याच्या दिवशी पाशामियाँबरोबर नळावर गेली. नळ म्हणजे माझ्या केंद्रासमोरचा. मी दारात कॅन मोजत होतो. पाशामियाँनी बूच काढलं, बाटली नळाखाली धरली, अंगठ्यानं तोंड दाबून झकास हलवली आणि पाणी ओतून दिलं.

“चाचा! हे काय करताय?” ती एवढ्यानं ओरडली की माझी मोजणी चुकली.

“धुतोय की सिस्टर.”

“ती धुवायची नसते!”

मग तिनं समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द मला ऐकू येत होता. बाटली उकळूनच येते. तळाची पूड मुद्दाम टाकलेली असते. आपण टाकीत जंतू मारायची पावडर टाकतो आणि लगेच पाणी सोडतो. नळाला येईपर्यंत पावडरीला काम करायला वेळच मिळत नाही. लोक पितात ते पाणी तसं असतं. बाटलीतली पूड त्या पावडरीचा जोर तिथंच थांबवते, म्हणजे लोक पितात तसंच पाणी प्रयोगशाळेत पोचतं. पूड धुऊन टाकली की पावडर बाटलीत बसून काम करत राहते. एसटीनं कळंबला पोचेपर्यंत चार-पाच तास जातात. तोवर जंतू मेलेले.

“म्हणजे पाणी तिथं जाऊन चांगलं होतं,” पाशामियाँ सावकाश म्हणाले.

“हो चाचा. गावात नसतं, बाटलीत असतं.”

पाशामियाँनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, रागानं नाही. मी लॅक्टोमीटर उचलला आणि रिकाम्या कॅनमध्ये बुडवला. रिकाम्या!

हर्षालीनं दुसरी बाटली काढली आणि न धुता नमुना घेतला. आठवड्यानं कागद आला: पिण्यास अयोग्य. पाण्यात शेणामुताचे जंतू.

पाणीवाल्यांनी त्या कागदाची मिरवणूक काढायची तेवढी बाकी ठेवली. शेणवाले उसळले. अकरा वर्षं एका माणसानं नमुने घेतले, सगळे पास. कालची पोर येते, तिचा पहिलाच नमुना नापास, मग खोटं कोण? शिवलिंगप्पानं सरळ आरोप केला की मथुराबाईंनी पोरीला हाताशी धरून ओढ्यातलं पाणी बाटलीत भरायला लावलं. अर्ज तयार झाला, तिला इथून हलवा म्हणून. अर्ज माझ्या केंद्राच्या टेबलावर लिहिला गेला आणि वर माझीही सही होती. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण होती. आणि मला सगळं माहीत असून होती.

स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेत ठराव आणि अर्ज दोन्ही यायचे होते. त्याच्या आदल्या दुपारी केंद्रात कुणी नसताना पाशामियाँ आले. बाकावर बसले. मी चहा मागवला, त्यांनी कप खंगाळला नाही. तेव्हाच मला कळलं, मामला गंभीर आहे.

“सेक्रेटरी, उद्या सांगावं लागंल.”

“काय गरज हाय?” मी दार लोटून घेतलं. “दोन वर्सं राहिलीत तुमची नोकरीची. अकरा वर्सांचं सगळं तुमच्यावर येईल. लोक म्हणतील, पाशाभाईनं शेणाचं पाणी पाजलं. व्हॉलची चावी काढून घेतील हातातून. त्या पोरीची काय, बदली होईल, दुसरीकडं जाईल.”

“ती खरं बोलली म्हणून जाईल, आन् म्या गप्प बसलो म्हणून राहीन?” ते म्हणाले. “चावी गेली तर मला लई वंगाळ वाटंल. दुसरं काय येतंय मला? पर रजियाबी म्हनली, बोल देओ जी, बोले बगैर तुमकू रोटी जाती नै. खरंच जात न्हाय, दोन दिस झाले.”

माझ्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मी वाट बघत होतो. चहा पिऊन उठले, बाक पुसला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात सभा बसली. एवढी माणसं लग्नालाही जमत नाहीत. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधे टेबलामागं मथुराबाई आणि ग्रामसेवक. शिवलिंगप्पा प्लॅस्टिक चढवलेली अकरा कार्डं घेऊनच आला होता. एकेक वर धरून वर्ष वाचून दाखवलं. शेवटी म्हणाला, “ही अकरा खोटी आन् हिची एक खरी?” हर्षाली बायकांत बसली होती. तिची मान खाली गेली, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, पण हाताला हात लागू न देता.

तेवढ्यात पाशामियाँ उठले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, एका हातात नमुन्याची बाटली, दुसऱ्या हातात व्हॉलची लांब लोखंडी चावी.

“मंडळी, मला भाषण येत न्हाय. दाखवतो.” त्यांनी बाटली पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातात दिली. “तळाला पांढरी पूड दिसायली? फिरवा सगळीकडं. ती पूड बाटलीत राहिली तर पाण्याचं खरं कळतंय. म्या अकरा वर्सं ती साबण समजून धुऊन टाकली. त्याच्यामुळं नमुना पास व्हायचा. ती कार्डं माझ्या धुण्याची हायत, पाण्याची न्हाईत. ह्या पोरीनं बाटली धुतली न्हाय. तिचा कागद खरा हाय.”

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग ग्रामसेवकानं हर्षालीला उभं केलं आणि तिनं सगळं पुन्हा एकदा सांगितलं. बाटली रांगेरांगेतून फिरत होती, म्हाताऱ्या बायका डोळ्याजवळ धरून तळ बघत होत्या. खालच्या गल्लीतून एक बाई किंचाळलीच, “म्हंजे माझ्या नातवाला सलाइन लागलं तवा बी कार्ड हिरवंच व्हतं?” पाशामियाँ म्हणाले, “व्हय, हिरवंच व्हतं.”

एकानं विचारलं, मग आणखी पावडर टाका की, गोठ्यांना कशाला हात लावता? हर्षाली म्हणाली, पाण्यात शेण असलं की पावडर त्या शेणातच खर्ची पडते, टाकाल तेवढी कमीच. तो खाली बसला.

मग शिवलिंगप्पा बोलला. मला वाटलं होतं, आता शिव्या घालणार. पण तो वेगळंच बोलला, आणि त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “पाशाभाई, त्या कार्डांवर भरवसा ठेवून म्या वीस गायींच्या बेचाळीस केल्या. पानी खराब हाय असं एकदा जरी कागदावर आलं असतं, तर नवा गोठा टेकाडाच्या पल्याड बांधला असता. जागा व्हती माझ्याकडं. आता उचलून नेऊ काय गोठा? माझी पोरं बी हेच पानी पित्यात.”

तो खरं बोलत होता. गोठा वाढवायच्या आधी त्यानं मलाच विचारलं होतं आणि मीच त्याला हिरव्या कार्डाचं सांगितलं होतं.

“तुमचं बरोबर हाय आप्पा,” पाशामियाँ म्हणाले. “त्याच्यासाठीच उभा राहिलोय.”

मागून कुणीतरी ओरडलं, “पर धुवायचं तुमाला शिकवलं कुणी?”

पाशामियाँनी माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. “शिकवायला कशाला लागतंय? माझी खोड तुमाला ठावं हाय की. कप बी धुतो.” लोक हसले, प्रश्न तिथंच मिटला. मग त्यांनी टेबलापाशी जाऊन चावी मथुराबाईंच्या पुढं ठेवली. “माझ्या हातानं गाव अकरा वर्सं फसलं. मुद्दाम न्हाय केलं, पर झालं. चावी ठेवायची का न्हाय, तुमी ठरवा.”

सत्तावीस वर्षं ती चावी मी त्यांच्या खांद्यावरच बघितलेली. ती टेबलावर आडवी पडलेली बघून मी उठायला लागलो. माझं अंग जड, सतरंजीवरून उठायला मला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी तीनदा विचार बदलला. पण एकदा निम्मा उठल्यावर परत बसायचं म्हणजे तेही तेवढंच अवघड.

“बाटली धुवायला मी सांगितलं,” मी म्हणालो. “तीनदा धुवा म्हणालो. पुडीला साबणसुद्धा मीच म्हणालो. आणि पोरीचं खरं हाय हे माहीत असून अर्जावर सही केली.”

शिवलिंगप्पा माझ्याकडं बघायला लागला तो बघतच राहिला. आणि पाशामियाँ, जन्मात कुणावर न चिडलेला माणूस, माझ्यावर चिडले.

“सेक्रेटरी, तुमी दुधाचं सांगितलं व्हतं. दुधाला ते बरोबरच हाय. पाण्याला म्या लावलं. बसा खाली!”

सगळं पटांगण हसलं. शेणवाले हसले, पाणीवाले हसले, हर्षाली तोंडाला रुमाल लावून हसली. मी खाली बसलो. एवढ्या लोकांत माझी फजिती झाली होती, आणि मला कितीतरी वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

मथुराबाईंनी टेबलावर थाप मारली. “चावी काढून घ्यावी असं ज्याला वाटतं त्यानं हात वर करा. आन् ज्यानं हात वर केला, त्यानं उद्या सकाळी व्हॉल सोडाया यायचं. सतरा व्हॉल हायत, आन् उद्याचा वार माझ्या गल्लीचा हाय.” एकही हात वर गेला नाही. त्यांनी चावी पाशामियाँकडं सरकवली आणि ग्रामसेवकाला सांगितलं, “आता ठराव वाचा.”

शिवलिंगप्पानं दिवाळीपर्यंत मुदत मागितली, ती सगळ्यांनी दिली. नळ तोडायच्या आधी दोनदा नोटीस द्यायची, असंही त्यानं घालून घेतलं, कारण काही झालं तरी तो शिवलिंगप्पा. मग त्यानं हात वर केला. तो वर गेल्यावर बाकीच्या गोठ्यांचे गेले. माझ्या सहीचा अर्ज मीच फाडला.

दुसऱ्या दिवसापासून पाशामियाँ व्हॉल सोडून झाले की कुदळ घेऊन टेकाडावर जायला लागले. शिवलिंगप्पा म्हणाला, माझा खड्डा माझी माणसं घेतील, तुम्ही कशाला? ते म्हणाले, “अकरा वर्सांचा हाय, एकट्यानं उरकंल व्हय?” दोघं मिळून आठ दिवस खणत होते. शिव्या एकाच्या, हसू दुसऱ्याचं. मीही एक दिवस गेलो. तासाभरात कंबर धरली, तेव्हा दोघांनी मिळून मला सावलीत बसवलं. गावाला लाल कार्ड आलं ते पाशामियाँनी स्वतः पंचायतीच्या फळीवर ठोकलं. शिवलिंगप्पानं सभेला आणलेली अकरा हिरवी कार्डं परत गोठ्याच्या दारावर टांगलीच नाहीत. निवडणुकीत आता दोन्ही पॅनल म्हणतात, ठराव आम्हीच केला. म्हणू देत.

नमुना दर महिन्याला जायला लागला. बाटली न धुता भरायची, हे पाशामियाँना फार जड जायचं. बूच काढायचे, आत बघायचे, त्यांचा अंगठा आपोआप बाटलीच्या तोंडाकडं जायचा, मग तो मागं घ्यायचे. सप्टेंबरचा नमुना अयोग्य. ऑक्टोबरचा अयोग्य. दिवाळीनंतर उकिरडे हलले, सगळे खड्डे झाले, तरी नोव्हेंबरचाही अयोग्यच. हर्षाली म्हणायची, चाचा, जमिनीत मुरलेलं जायला वेळ लागतो. ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी टेकाडावर जाऊन प्रत्येक खड्ड्यात डोकावून यायचे. बारा गोठ्यांचे बारा खड्डे, रोज.

जानेवारीत एका सकाळी केंद्रावर दुधाची रांग लागली होती. शिवलिंगप्पाचे कॅन काट्यावर होते. पाशामियाँ रांग मोडून आत आले. रांग मोडताना त्यांना आजवर कुणी बघितलं नव्हतं. हातात कागद. मला वाटलं, वाचायला आणलाय. पण त्यांनी तो मला दिलाच नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे राहिले. डोळ्यांत पाणी आलेलं, ते पुसायचंही भान नव्हतं.

“सेक्रेटरी,” ते म्हणाले, “न धुता पास झालं.”